खाण कंपनीच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती मुलीसाठी घ्यावी का? ही फाउंडेशनं खरंच काम करतात की नुसता देखावा?

घ्या. गावातल्या राजकारणापायी मुलीचं कॉलेज अडवू नका.

खरं तर एवढं लिहून मी थांबणार होते. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की गावातले लोक म्हणतात, "एकदा पैसे घेतले की मग खाणीविरुद्ध तोंड उघडायचं नाही." हे वाचलं आणि राहवलं नाही. माझा सख्खा भाऊ हेच वाक्य मला गेली कित्येक वर्षं ऐकवतोय.

मी डिचोली तालुक्यातली. गोव्याच्या खाणपट्ट्यात वाढलेल्यांना सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल तर थोडक्यात: इथे एक टन लोहखनिज काढायचं तर दोन-तीन टन टाकाऊ माती बाजूला काढावी लागते. ती रचून तिचे डोंगर होतात, त्याला आम्ही डंप म्हणतो. पावसाळ्यात डंप वाहतो, ओहळातून लाल चिखल शेतात येतो आणि उन्हाळ्यात त्याचा पापुद्रा इतका कडक होतो की नांगर लागत नाही. खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या की खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसतात, मग आजूबाजूच्या विहिरी आटतात. चीनला माल जायला लागल्यावर हे सगळं किती वाढलं ते आम्ही बघितलंय. 2010 च्या आसपास गोव्यातून वर्षाला 5 कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर जात होतं. रस्त्यावर ट्रकांची रांग, घरात, भातावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ.

आमच्या भागातल्या एका कंपनीचं फाउंडेशन होतं (नाव घेत नाही, मला कोर्टात जायचं नाहीये). मी त्यांच्याकडे शिकवायचे. संध्याकाळी शाळेच्याच वर्गात पाचवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी, गणित आणि इंग्रजी. पगार बेताचा होता, पण वेळेवर मिळायचा. आणि काम खरं होतं, हे कुणाला पटो न पटो. ज्या मुलांचे वडील खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर (मोठ्या मालवाहू होडीवर) महिना-महिना असायचे, ज्यांच्या घरात अभ्यास घेणारं कुणी नव्हतं, ती मुलं दहावी झाली. त्यातली एक आज नर्स आहे, एक पोस्टात आहे. त्यामुळे "सगळा देखावा" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता ती ग्रामसभा. रविवार होता, पंचायतीच्या सभागृहात जागा नव्हती इतकी गर्दी, कारण त्या वर्षी पावसात तीन-चार जणांच्या शेतात चिखल शिरला होता. त्यात आमचंही शेत होतं. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, लावणी तोंडावर आलेली. कंपनीचे जनसंपर्क अधिकारी आले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यांनी फाइल उघडली आणि वाचायला सुरुवात केली. शाळेला संगणक इतके, वह्या इतक्या, महिला मंडळाला शिलाई मशीन, क्लबला क्रिकेटचं किट, जत्रेला देणगी, मोफत डोळे तपासणी शिबिर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया. शेवटी "आणि संध्याकाळची शिकवणी, आपल्याच गावातल्या टीचर घेतात," असं म्हणून माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे बघावं कळेना.

टाळ्या थांबल्यावर बाबा उठले. बाबा चार लोकांत बोलणारे नव्हेत. ते एवढंच म्हणाले, "तें सगळें बरें. पूण म्हज्या शेतांतलो गाळ केन्ना काडटले तें सांग." (ते सगळं बरं, पण माझ्या शेतातला गाळ कधी काढणार ते सांग.)

त्यावर साहेबांनी काय उत्तर द्यावं? म्हणाले, "काका, तुमच्या घरात दर महिन्याला पगार येतो तो कुणाचा?"

सभागृहात हसू पिकलं. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल तर दादा. त्याचे दोन ट्रक त्याच खाणीवर लागले होते, दोन्ही कर्जाचे. घरी आल्यावर तो बाबांना म्हणाला, "कंपनीने काय कमी केलं आपल्यासाठी? उगाच चार लोकांत शोभा." मी म्हटलं, माझा पगार मी शिकवते त्याचा आहे, गाळाचा नाही. तुझं भाडं तू माल वाहतोस त्याचं आहे, तेही गाळाचं नाही. गाळाचे पैसे अजून कुणी दिलेच नाहीत. त्या रात्री आईने दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढलं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. फाउंडेशनने शाळेला काय दिलं हा एक हिशेब, आणि खाणीने शेताचं, विहिरीचं, रस्त्याचं जे केलं तो दुसरा. पहिल्या वहीत कितीही रक्कम जमा दाखवली तरी दुसऱ्या वहीतलं देणं त्याने फिटत नाही. कंपनीवाले दोन्ही वह्या एकत्र शिवायला बघतात आणि गावातले आपलेच लोक त्यांना सुईदोरा आणून देतात.

गाळ पुढच्या उन्हाळ्यात काढला. जेसीबी आला, चार दिवस चालला, बांधही घालून दिला. आणि वर्षअखेर फाउंडेशनची चकचकीत पुस्तिका आली, तिच्यात "शेतकरी कल्याण उपक्रम" या पानावर बाबांचा फोटो. खाली छापलेलं: लाभार्थी शेतकरी. ज्यांच्या डंपने शेत बुजवलं त्यांनीच ते उपसलं आणि ते दानात धरलं! बाबांनी ती पुस्तिका बघितली, चष्मा काढला आणि इतकंच विचारलं की फोटो काढताना मला शर्ट बदलायला का नाही सांगितलं. दादाने मात्र ती पाहुण्यांना दाखवायला ट्रकच्या कप्प्यात ठेवली होती.

दादाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, तो इथे लिहिलाच पाहिजे. तो म्हणतो, त्या काळी कायद्याची सक्ती नव्हती तरी कंपन्या देत होत्या. खरं आहे. कंपनी कायद्याचं कलम 135, म्हणजे सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, ते 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. त्याच्या कितीतरी आधी, 2000 साली, इथल्या खाण कंपन्यांनी मिळून मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा काढलं. आणि आणखी मागे गेलं तर मुक्तीनंतर 1962 साली गोव्यातली पहिली कला-विज्ञान कॉलेजं, पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, खाणमालक घराण्यांनीच उभी केली. मी स्वतः त्यातल्या एका कॉलेजात शिकले. तेव्हा माझ्या पदवीवरही थोडी लाल धूळ आहेच, आणि मला तिची लाज वाटत नाही.

पण कायदा झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली, ती दादा सोयीस्करपणे विसरतो. दुसऱ्या कुठल्याही कायद्याने जे करणं कंपनीवर बंधनकारक आहे, ते सीएसआरच्या, म्हणजे या 2 टक्क्यांच्या सामाजिक कामाच्या, खर्चात धरता येत नाही. 2021 च्या सुधारित नियमांत हे सरळ लिहिलंय. पर्यावरण दाखल्याच्या अटींत गाळ अडवायला बांध घाला, तळी खोदा, रस्त्यावर पाणी मारा असं असेल तर तो खाण चालवण्याचा खर्च आहे. त्याची पुस्तिका छापायची नाही.

तिसराही एक पैसा असतो आणि लोक त्याची फाउंडेशनशी गल्लत करतात, कारण नाव जवळजवळ तेच: जिल्हा खनिज फाउंडेशन, डीएमएफ. 2015 च्या खनिज कायदा दुरुस्तीने तो आला. तो कंपनीचा दानधर्म नव्हे, खनिजापोटी सरकारला द्यायच्या रॉयल्टीवर लागणारी रक्कम आहे. जुन्या लीजवर (खाणीच्या भाडेपट्ट्यावर) रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावाने दिलेल्या नव्या लीजवर 10 टक्के. ट्रस्ट सरकारी असतो आणि पैसा खाणबाधित लोकांसाठीच वापरायचा असतो. सुरुवातीच्या नियमांत निदान 60 टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर घालायला सांगितलं होतं. तुमच्या शाळेला छप्पर हवं असेल, पोरांना बस हवी असेल, तर कंपनीच्या साहेबांपुढे अर्ज घेऊन उभं राहण्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या आणि डीएमएफकडे मागा. तिथे आभाराचा फलक लावावा लागत नाही. आमच्याकडे हा पैसा वर्षानुवर्षं बँकेत पडून असल्याच्या बातम्या येत राहिल्या, त्याचं एक कारण हेच की कुणी मागायलाच गेलं नाही. सगळे साहेबाच्या केबिनबाहेर.

आता परत शिकवणीकडे. 2012 चा सप्टेंबर आला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ट्रक दारात उभे राहिले. आणि ज्या वर्षी गावाला फाउंडेशनची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच वर्षी शिकवणी बंद झाली. वरून निधी नाही, एवढंच कळवलं. दहावीची मुलं अर्ध्यावर होती. मी ती शिकवणी मार्चपर्यंत घरच्या सोप्यावर घेतली, फुकट, आणि हे मी अभिमानाने सांगते.

दादाचं म्हणणं, खाणींविरुद्ध कोर्टात गेलेल्या याचिकावाल्यांनी पोरांच्या पोटावर आणि पाटीवर पाय दिला. मी म्हणते, खाण चालू असेपर्यंतच चालणारी शिकवणी ही खाणीच्या खर्चातलीच एक बाब. खरंच शिक्षणासाठी करायचं तर चांगल्या वर्षांत गंगाजळी बाजूला टाकायची होती. 2014 मध्ये बंदी उठवताना न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिज विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, ती पुढच्या पिढ्यांसाठीच. न्यायालयाला जे सुचलं ते नफ्याच्या वर्षांत फाउंडेशनच्या एकाही विश्वस्ताला सुचलं नाही? 2018 मध्ये लीज रद्द होऊन खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हाही तीच गत.

आता तुमच्या मुलीबद्दल, कारण प्रश्न तिचा आहे. शिष्यवृत्तीचं पत्र लेखी घ्या आणि त्यात पूर्ण अभ्यासक्रमाचा उल्लेख आहे का बघा. "दरवर्षी नूतनीकरण" असं असेल तर ते कशावर अवलंबून, गुणांवर की कंपनीच्या मर्जीवर, हे विचारा. खाण बंद पडली तर काय, हेही विचारा, लाजू नका. पैसे कॉलेजात फी म्हणून थेट जात असतील तर उत्तम. फोटो काढतील, काढू द्या. पण "आमची खाणीविरुद्ध काही तक्रार नाही" अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, मग तो आभारपत्राच्या नावाखाली आला तरी. आणि विहीर आटली असेल तर शिष्यवृत्तीचा चेक वटल्याच्या दुसऱ्या दिवशीही पंचायतीत उभं राहून बोला.

हे सगळं लोहखनिजाच्या आणि खासगी कंपन्यांच्या गोव्याचं. तुम्ही चंद्रपूर-यवतमाळकडचे असाल तर तिथे कोळसा आणि सरकारी कंपनी, भूसंपादन आणि नोकरीचे प्रश्न वेगळे. तिथलं तिथल्या माणसाला विचारा. आणि सगळी फाउंडेशनं एका माळेची नाहीत. आमच्याच तालुक्यातल्या साखळी गावची, सेझा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी 1999 पासून पोरं घडवतेय.

आता 2022 च्या डिसेंबरपासून लिलाव झाले, खाणी परत सुरू होतायत. नवे फलक लागलेत आणि दादाने जुना ट्रक रंगवायला दिलाय. तो हे वाचणार, वहिनी त्याला पाठवेलच. दादा, उत्तर द्यायचं तर खाली दे, पण आधी एवढं सांग: बंदीच्या काळात ट्रकचे हप्ते फाउंडेशनने भरले होते की बाबांच्या वायंगणाने?