जोसेफचं बोलणं वगळू नका

प्रश्न : एमिली ब्राँटीची 'वुदरिंग हाइट्स' मूळ इंग्रजीतून वाचते आहे. बाकी सगळं कळतं, पण म्हातारा नोकर जोसेफ बोलायला लागला की गाडी अडते. यॉर्कशरमधले लोक खरंच असं बोलत, की लेखिकेने त्याची टिंगल केली आहे? त्याची वाक्यं वगळली तर चालेल का?

उत्तर : वगळू नका. त्याआधी तुमच्याकडची प्रत कुठली ते बघा. दुसऱ्या प्रकरणात जोसेफ कोठाराच्या गोल खिडकीतून डोकं बाहेर काढतो आणि पाहुण्याला ओरडून सांगतो, मालक खाली मेंढवाड्यात आहेत. तिथे 'डाउन' छापलंय की 'डान'? 'डान' असेल तर तुमच्या हातात १८४७च्या पहिल्या आवृत्तीचा पाठ आहे. एमिली गेल्यावर, १८५० साली, तिची बहीण शार्लट हिने नव्या आवृत्तीत जोसेफचं बोलणं बरंच सौम्य केलं. यॉर्कशरच्या माणसाला ते हुबेहूब वाटेल, पण दक्षिणेकडच्या वाचकांना कळणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. मला हा बदल आजही खटकतो.

म्हणजे ही टिंगल नाही. ब्राँटींच्या घरी वर्षानुवर्षं काम करणारी टॅबी हीच बोली बोलायची. एमिलीने ती घरातच ऐकली होती. कादंबरीत हेअरटन या अडाणी राहिलेल्या तरुणाच्या यॉर्कशरी उच्चारांना नावं ठेवली जातात खरी, पण ती ठेवतो रडका, कुजकट लिंटन. हे शब्द कुणाच्या तोंडी घालायचे, ते एमिलीला नेमकं कळलं होतं.

मी उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला सहा वर्षं राहिले. घरमालकीणबाई स्वयंपाकघरातून किटली ठेवायला सांगायच्या, तेव्हा 'पुट' आणि 'केटल' यांच्या मधला 'द' मला कधी ऐकूच यायचा नाही. घसा क्षणभर बंद व्हायचा आणि लगेच पुढचा शब्द फुटायचा. कादंबरीत सुटा 'टी' आणि त्यावर स्वल्पविरामासारखं चिन्ह दिसतं ना, ते म्हणजे हा अटकाव. तुम्ही तिथे ठसठशीत 'ट' वाचत असाल, तर अडणारच. आणि 'कप'ला बाई 'कुप'च्या जवळचं काहीतरी म्हणायच्या. हे दोन उच्चार कानात बसले आणि जोसेफ मला एकदम समोर उभा राहून बोलल्यासारखा वाटला.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. लंडनकडची सुशिक्षित माणसं 'बाथ'मधला 'आ' लांबवतात, उत्तरेकडे तो आखूड असतो. पण तो लांब 'आ' दाखवायला कुणी स्पेलिंग मोडत नाही. मोडतोड होते ती नोकराच्या, फुलवालीच्या, चोराच्या बोलण्याची. डिकन्सचा ऑलिव्हर वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात वाढला, तरी स्वच्छ, प्रमाण इंग्रजी बोलतो, आणि पाकीटमार डॉजर मात्र अस्सल लंडनच्या गल्लीतलं! पोरगा सज्जन आहे हे सांगायला त्याची बोलीच काढून घेतली. डिकन्स मला फार प्रिय आहे, पण हे मला पटत नाही.

शॉने 'पिग्मॅलियन'मध्ये फुलवाली एलायझाचे पहिले काही संवाद उच्चाराबरहुकूम लिहिले आणि मग नाटकातच टीप घातली, की लंडनबाहेर हे कुणाला कळणार नाही म्हणून हा प्रयत्न सोडतो. ही वाट मला प्रामाणिक वाटते. स्कॉटिश कादंबरीकार जेम्स केल्मन त्याहून पुढे गेले. १९९४चं बुकर मिळालेल्या त्यांच्या कादंबरीत ग्लासगोची बोली संवादांपुरती राहत नाही, निवेदनातही तीच आहे. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे वरून शुद्ध इंग्रजीत बोलणारा निवेदक उरतच नाही.

तेव्हा जोसेफ मोठ्याने वाचा, घाई न करता. निम्मे शब्द डोळ्यांना परके दिसतात, पण कानाला ओळखीचे निघतात. 'लेथ'सारखे काही मात्र टीपेत बघावेच लागतील. लेथ म्हणजे कोठार, ज्याच्या खिडकीतून तो ओरडतो तेच.