उरलेलं बटाट्याचं बेणं आता लावू का?

खेड तालुक्यातून एका दादांनी विचारलंय, "साहेब, पुखराज जातीचं बेणं ६ कट्टे उरलंय, ५० किलोचे आहेत, कांद्याच्या नादात लावायचं राहून गेलं, आज २२ डिसेंबर, आता लावलं तर चालेल का का फुकट जाईल?" असेच अजून दोघा-तिघांचे फोन आले म्हणून इथेच लिहितो.

दादा, आपल्याकडं रब्बीची खरी लागवड १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, फार ओढलं तर डिसेंबरचा पहिला आठवडा. आता लावलं तर बटाटा धरायला जानेवारी संपेल आणि पोसायच्या ऐन टायमाला फेब्रुवारी-मार्चचं ऊन लागेल. पाला हिरवागार दिसतो पण खाली निघतात गोट्या. पैसे गुंतलेत म्हणून सगळं मातीत घालायचं हे मला पटत नाही, मजुरी, खत, पाणी हे वेगळं जातंच की.

आधी कट्टे उघडून सावलीत पसरा आणि एकेक बटाटा हातात घ्या. कोंब आखूड, जाड, अंगठ्यानं हलवला तरी न तुटणारा असेल आणि बटाटा टणक असेल तर ते बेणं अजून कामाचं. कोंब दोऱ्यासारखे बारीक लांब झालेत, साल सुरकुतलीय, नाहीतर कोंबालाच बारीक बटाट्या लागल्यात, ते बेणं म्हातारं झालं, ते सोडून द्या.

निवडलेलं जे राहील तेवढंच लावा आणि ह्या आठवड्यातच. ६० बाय २० सेंमीवर अख्खं ३०-३५ ग्रॅमचं बेणं धरलं तर गुंठ्याला २५ ते ३० किलो लागतं, म्हणजे सगळेच कट्टे चांगले निघाले तरी १०-१२ गुंठ्यांचंच काम आहे. बेणं कापू नका, जुनं बेणं कापलं की सडतं. नत्र उशिरा देऊ नका, लागवडीला आणि महिन्याभरात झाडाला मातीची भर लावताना देऊन मोकळे व्हा, नंतर युरिया टाकला की नुसता पाला माजतो. आणि आवर्तनाचं आधी विचारून घ्या, कालव्याचं पाणी मार्चपर्यंत पुरणार नसेल तर हा सगळा विषयच सोडा.

उशिराच्या बटाट्याला खरा त्रास पाकोळीचा, म्हणजे बटाट्यावरच्या पतंगाचा. उघड्या पडलेल्या बटाट्यावर ती अंडी घालते, म्हणून भर चांगली उंच लावा, जमिनीला भेगा पडू देऊ नका. मार्चच्या मध्यात काढणी उरका, त्याआधी ८-१० दिवस पाला कापा. काढलेला माल रात्रभर शेतात ठेवायचा नाही आणि ढिगावर बटाट्याचाच पाला तर अजिबात टाकायचा नाही, आपल्याकडं सर्रास टाकतात, सावली होते म्हणून, आणि पाकोळी त्याच पाल्यातून ढिगात शिरते.

ह्या प्लॉटचा माल पुढच्या वर्षी बेण्याला ठेवू नका, मावा किडीमुळं व्हायरस आलेला असतो.

उरलेल्या म्हाताऱ्या बेण्याचं काय? खरीपापर्यंत घरात टिकणार नाही. बेण्याला औषध लावलेलं असेल तर घरात खायला नाही, जनावरालाही नाही, खड्डा करून पुरून टाका. औषध नसेल तरी हिरवे पडलेले आणि कोंब आलेले बटाटे गाई-म्हशीपुढं टाकू नका, विषबाधा होते.