“पोरं प्रश्नच विचारत नाहीत, मॅडम”

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्यांत प्राध्यापक वाढतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी १९ वर्षं समुपदेशन करते आहे आणि दर वर्षी हेच पाहते. सोंगणी आटोपत नाही तोच कापसाची वेचणी लागते, कॉलेजचे वर्ग ओस पडतात, आणि मराठी, इतिहास, राज्यशास्त्र शिकवणारी माणसं समोर बसून म्हणतात, “आमच्या शिकवण्याचा कोणाला काही उपयोग नाही.” राज्यशास्त्रवाल्यांच्या तोंडी हे जास्त कडू असतं. “हा विषय घेऊन पोरगं काय आमदार होणार काय?” असं पालकांकडून त्यांनी दहादा ऐकलेलं असतं.

त्यातल्या एका सरांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर तासिका तत्त्वावर अकरा वर्षं शिकवत होते. पटावर साठ मुलं, वर्गात नऊ. पहिल्या भेटीत ते निम्मा वेळ मानधनाविषयी बोलले, आणि मी मध्ये बोलले नाही. तासिकेचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही ते कळत नाही. हे दुःख खरं आहे, आणि ते माझ्या खोलीत सुटणारं नाही. ते मी त्यांना तसंच सांगितलं. माणसाची रास्त तक्रार “सकारात्मक राहा” म्हणून झाकणं मला पाप वाटतं. पण रास्त तक्रारीच्या आडोशाला कधी कधी दुसरंच काही बसलेलं असतं. ते शोधणं माझं काम.

म्हणून विचारलं, “वर्गात शेवटचा प्रश्न कोणी विचारला, सर?”

“कोणीच नाही. पोरं प्रश्नच विचारत नाहीत, मॅडम. गाईड वाचते, पास होते.”

मी त्यांना एक वही घ्यायला सांगितली. मुलांचा प्रत्येक प्रश्न, कितीही फालतू वाटला तरी, त्याच दिवशी त्यात लिहायचा. दुसऱ्या भेटीला वही कोरी होती. तिसऱ्या भेटीला त्यात एकच ओळ होती, ती त्यांनी वाचून दाखवली नाही. वही माझ्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

“सर, माही माय मेंबर आहे, पण मिटिंगीले बाबा जाते. हे कायद्यात बसते काय?”

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं होतं. सर त्या दिवशी ७३वी घटनादुरुस्तीच शिकवत होते. पंचायतींना घटनेत स्थान देणारी, १९९२ची, २४ एप्रिल १९९३पासून लागू झालेली. महिलांना किमान एक तृतीयांश जागा, आणि महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या, हे नुकतंच फळ्यावर लिहून झालं होतं. तिचा प्रश्न त्या फळ्यावरचाच होता.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, बस खाली. हे अभ्यासक्रमात नाही.”

कारणं त्यांनी हळूहळू सांगितली. मुलीच्या वडिलांची संस्थाचालकांकडे ऊठबस होती. आणि नेमकं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी ती कारणं खोडली नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “तुम्ही राज्यशास्त्र का घेतलं होतं?”

ते हसले. “मार्क कमी होते म्हणून.” मग गप्प झाले, आणि मीही गप्प राहिले. या धंद्यात मी जर काही शिकले असेन तर एवढंच, की अशा शांततेत आपण पाणी प्या, चहा घ्या असं काही म्हणायचं नाही.

मग ते सांगू लागले. ते आठवीत असताना पंधरा ऑगस्टला झेंड्यानंतर ग्रामसभा भरली होती. त्यांचे वडील, दोन एकर कोरडवाहूचे मालक, आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले आणि विहिरीच्या दुरुस्तीचे पैसे कुठे गेले ते विचारलं. खुर्चीवरचा माणूस कागदातून मान वर न काढता म्हणाला, “बस रे खाली.” वडील बसले. मांडीवरची टोपी ते बराच वेळ बोटांनी सरळ करत होते. त्या रात्री पोराने ठरवलं, हे कसं चालतं ते आपण शिकायचं.

एवढं सांगून सर थांबले. बस रे खाली. बस खाली. मला काही जोडून दाखवावं लागलं नाही. “मॅडम, मी तेच म्हटलं,” ते म्हणाले, आणि डोळ्यांवर रुमाल धरला.

माझी श्रद्धा अशी की प्रसंगाइतकाच त्याला आपण लावलेला अर्थ माणसाला छळतो. सरांनी अर्थ लावला होता, “मुलांना रस नाही.” खरा अर्थ जास्त बोचरा होता, पण त्यात करण्यासारखं काहीतरी होतं: मुलांना रस आहे, आणि मला त्याची भीती वाटते. या चिंतेने आलेल्या अनेक शिक्षकांशी बोलल्यावर मला हे दिसलं आहे. गावात “सर” म्हणजे जाणता माणूस. “मला माहीत नाही” म्हणणं त्याला पत गेल्यासारखं वाटतं, मग तो प्रश्नच येऊ देत नाही, आणि पुढे प्रश्न येत नाहीत म्हणून झुरतो.

म्हणून अशा शिक्षकांना मी आधी हेच सांगते, की उत्तर माहीत नसेल तर वर्गासमोर तसं म्हणा आणि कधी सांगणार तो वार सांगा. वार पाळला की पत वाढते. सरांनी ग्रामपंचायतीचा अधिनियम वाचला आणि पुढच्या सोमवारी उत्तर दिलं: निवडून आलेल्या सदस्याच्या जागी बैठकीत नवऱ्याने बसण्याची सोय कायद्यात नाही. इथे मी त्यांना एक गोष्ट बजावली होती आणि सगळ्यांनाच बजावते. मुलीचं नाव घ्यायचं नाही, तिच्या घराकडे बोट दाखवायचं नाही. प्रश्न “एखाद्या गावात असं झालं तर” असा मांडायचा. वर्गातली गोष्ट संध्याकाळच्या एसटीने गावात पोचते, आणि त्याचा मार घरी तिला बसू शकतो.

दुसरं, धडा गावापासून सुरू करा. सरांनी गणपूर्तीचा नियम घेतला: ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल तितके लोक लागतात. एका मुलाच्या गावात ६४० मतदार. वर्गाने हिशेब केला, ९६. तो मुलगा म्हणाला, “पण सर, आमच्याकडे तर तीसच येते. सह्या मग घरोघरी फिरून घेते.” पुढचा अर्धा तास सरांना फारसं बोलावंच लागलं नाही. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची असते, हे तर कितीतरी मुलींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुस्तक मात्र सोडू नका. सरांनी ४ नोव्हेंबर १९४८चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण आणलं, ज्यात त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर ठरवलं होतं. शेजारी गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) ठेवलं, जिथले लोक “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” म्हणतात आणि ज्यांनी २००९मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. मग विचारलं, आपलं गाव कोणाच्या बाजूचं? असा प्रश्न कोणत्याही गाईडात सापडायचा नाही.

वर्ग लगेच भरला असं मी सांगणार नाही. वेचणीच्या दिवसांत मुलं शेतातच असतात, ती आलीच पाहिजेत हा हट्ट सोडायला सरांना वेळ लागला. मानधनही अजून तसंच अडकतं. पण मार्चमधल्या शेवटच्या भेटीला त्यांनी वही आणली तेव्हा तिची बरीच पानं भरलेली होती. शेवटच्या पानावर एका मुलाचा प्रश्न होता, घरकुलाच्या यादीतून नाव कापलं तर दाद कोणाकडे मागायची. त्याखाली सरांच्या अक्षरात होतं: “माहीत नाही. शुक्रवारी पंचायत समितीत विचारून येतो. सोबत तिघे येणार.”