कॉइलओव्हर बसवले, आता गाडी उसळते

प्रश्न : हॅचबॅकला कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं, उंची बदलता येणारं सस्पेन्शन) बसवून पुढची बाजू ३० मिमी खाली घेतली. आता खड्ड्यात दणका बसतो, टायरही आतल्या कडेने झिजतात. काय चुकलं?

उत्तर : बहुधा स्प्रिंगखालची कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची रिंग) सैल करून उंची उतरवली असावी. त्यामुळे शॉकअपचा दबण्याचा प्रवास कमी होतो आणि तो लगेच बम्पस्टॉपवर (प्रवास संपतो तिथल्या रबरी अडथळ्यावर) आपटतो. तुमच्या किटचा खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरत असेल, तर उंची तिथूनच बदला. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग खुळखुळू नये इतकी कॉलर आवळा. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) किती, ते किटच्या पुस्तिकेत पाहा. ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे अडकायला हवेत हेही त्यात असतं. ते कमी पडले तर धोका.

उंची सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मेकॅनिक नेमका इथेच आळस करतात.

झिजेचं कारण टो (वरून पाहताना चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाक किती कललंय). उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करायलाच हवी. हँडल दोन्ही टोकांना फिरवून ब्रेक होज ताणतोय का, टायर घासतोय का तेही पाहा. पावसाळ्यात आट्यांवरचा चिखल धुवत जा, नाहीतर कॉलर गंजून जाम होते.