वाचकांचे प्रश्न : मॉडेल जुना चौक का विसरतं?

प्रश्न : पुण्यातले चौक नोड (बिंदू), रस्ते एज (बिंदू जोडणाऱ्या रेघा), असा ग्राफ (जाळं) करून अर्ध्या तासानंतरचा वाहतुकीचा वेग सांगणारं दोन थरांचं ग्राफ न्यूरल नेटवर्क (शेजारच्या नोडची माहिती एकत्र करून शिकणारं मॉडेल) आम्ही चालवतो. दर महिन्याला फक्त नव्या डेटावर फाइन-ट्यून करतो, म्हणजे शिकलेलं मॉडेल पुढे शिकवतो. नव्या रस्त्यांचे अंदाज बरे येतात, पण डेक्कनला काहीच बदललेलं नसताना तिथली चूक वाढतेय. असं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : वेट (मॉडेलने शिकलेले आकडे) सगळ्या चौकांचे सामाईक असतात, नव्या डेटासाठी ते सरकले की जुनं बिघडतं. हे कुठल्याही मॉडेलचं दुखणं. दुसरं कारण खास ग्राफचं. दोन थर म्हणजे दोन उड्यांपर्यंतचे (दोन रस्ते ओलांडून येणारे) शेजारी, तेव्हा दोन चौक पलीकडे एज आली-गेली तरी डेक्कनचं इनपुट बदलतं. काही बदललं नाही, हे तुमच्या लेखी, मॉडेलच्या नाही.

जुन्या महिन्याचा डेटा त्याच महिन्याच्या ग्राफसह आजच्या मॉडेलला देऊन पाहा. तिथेही चूक वाढली असेल तर वेट सरकलेत. नसेल तर शेजार बदललाय, किंवा वाहतूकच.

वेट सरकले असतील तर प्रत्येक बॅचमध्ये (एका वेळी शिकवायच्या नमुन्यांच्या गटात) साधारण पाचवा हिस्सा जुन्या नमुन्यांचा ठेवा आणि लर्निंग रेट (वेट किती वेगाने सरकतात तो दर) मूळच्या दहाव्या भागावर आणा. नमुना साठवताना नोड एकटा नको, त्याचा तेव्हाचा दोन उड्यांचा शेजारही हवा. बहुतेकांचं इथेच चुकतं. स्केलिंगची (आकडे एका मापात आणण्याची) सरासरी दर महिन्याला नव्याने काढत असाल तर तेही थांबवा. २०१७ साली मांडलेली इलॅस्टिक वेट कन्सॉलिडेशन पद्धत महत्त्वाचे वेट जागीच धरून ठेवते, पण शेजार बदलल्याचं तिला कळत नाही. म्हणून आधी जुन्या नमुन्यांचा साठा, मग ती.

साठा चाळावाही लागतो. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला. प्रत्येक नोडला स्वतःचं एम्बेडिंग (त्याची ओळख सांगणारी आकड्यांची यादी) असेल, तर त्याआधीचे नमुने घातल्यावर एकाच आयडीखाली दोन वेगळे चौक नांदू लागतात. बदललेल्या चौकाला नवा आयडी द्या.

आणि चौक काही शेच असतील, सगळ्या डेटावर पहिल्यापासून ट्रेनिंग रात्रभरात उरकत असेल, तर हा खटाटोप कशाला?

प्रश्न : नवा चौक घातला की एम्बेडिंगच्या मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या तक्त्याचा) आकारच जुळत नाही. (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : त्या तक्त्यात दर आयडीला एक ओळ असते, म्हणून आयडीवरचं एम्बेडिंगच काढून टाका. लेन, सिग्नल, शेजाऱ्यांचा वेग यांवरून एम्बेडिंग तयार करणारी ग्राफसेजसारखी पद्धत घ्या. तिच्यातलं शेजाऱ्यांचं सॅम्पलिंग (सगळ्यांऐवजी काहीच शेजारी निवडणं) मात्र वगळा. चौकाला रस्ते असून असून किती असणार, चार-पाच!