इंजिन तापलं की आधी धार बघ
भावा, धार म्हणजे बोटीच्या मागं लावलेलं इंजिन (आउटबोर्ड) गार करून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी. इंजिन तापल्याचा भोंगा वाजला की मशीन तिथंच बंद कर. 'जेट्टीपर्यंत रेटू' म्हणशील तर पिस्टन जाम होईल. मग मशीन वर उचल आणि खालची पाणी ओढायची जाळी बघ. आपल्या खाडीत बहुतेक वेळा तिथंच पिशवी नाहीतर चिखल असतो. दिवाळे गावाहून ओहोटीला निघालो तेव्हा माझ्या जाळीला दुधाची पिशवी चिकटलेली. बोटानं ओढली, धार सुरू!

जाळी साफ असूनही धार बारीक असेल, तर धार पडते त्या भोकात तार फिरव. तरीही नाही, तर इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारा रबरी पंखा, बघ. रबराची पाती वाकून तशीच राहिली असतील तर बदलच, आणि तुटलेला तुकडा वर पाइपात शोध. तो विसरतात सगळे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी सोडणारी झडप, खारानं चिकटतो; काढून गरम पाण्यात टाकून उघडतो का बघ. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धू, पण पाणी जोडल्याशिवाय मशीन चालू करू नकोस.