‘अ‍ॅनिमॉर्फ्स’चं ३९वं पुस्तक वाचून मन उडालं, तर उरलेली १५ वाचावीत का?

तुम्ही विचारलंय की के. ए. अ‍ॅपलगेट यांची ‘अ‍ॅनिमॉर्फ्स’ ही किशोरवयीन मुलांसाठीची विज्ञानकथा मालिका पहिल्यापासून क्रमाने वाचत आलात, ३९व्या ‘द हिडन’ने पार निराशा केली, आता पुढे जावं की इथेच सोडून द्यावं? सोडू नका. मालिकेचा सगळ्यात कसदार भाग ४५व्या पुस्तकापासून सुरू होतो. अगदी जवळ येऊन थांबलात तर हळहळ वाटेल. पण ‘द हिडन’ फसलंय, हे मात्र खरं, आणि का फसलंय हे कळलं की पुढे काय वाचायचं तेही ठरवता येतं.

या मालिकेत जेक, रेचेल, टोबायस, कॅसी आणि मार्को या पाच मुलांना प्राण्यांचं रूप घेण्याची शक्ती मिळते, आणि ती यीर्कांशी, म्हणजे डोक्यात शिरून माणसाचा ताबा घेणाऱ्या परग्रहवासीयांशी लढतात. मालिकेचा जीव तिच्या नियमांत आहे. ज्या प्राण्याचं रूप घ्यायचं त्याला हात लावायचा, मन एकाग्र करून त्याचा डीएनए घ्यायचा. तेवढा वेळ तो प्राणी गुंगीत गेल्यासारखा शांत होतो. मग त्याचं चित्र मनात धरलं की शरीर बदलू लागतं. दोन तासांच्या आत परत आलं नाही तर जन्मभर तेच रूप. टोबायस पहिल्याच पुस्तकात ससाणा होऊन अडकला, त्यामुळे लेखिका हे नियम कोणासाठीही वाकवणार नाही, असा वाचकाचा विश्वास बसला. ही शक्ती देणारी निळी पेटीही कशीही चालत नव्हती. पाच मुलांनी पाच बाजूंना हात लावले, सहाव्या बाजूला मरणाच्या दारात असलेल्या एल्फँगॉर या अँडलाइट परग्रहवासीयाने.

‘द हिडन’मध्ये २४व्या पुस्तकातल्या त्या चिमुकल्या, महागर्विष्ठ हेल्मॅक्रॉन लोकांचं यान यीर्कांच्या हाती लागतं. त्यातल्या यंत्राने निळ्या पेटीचा माग काढता येतो, म्हणून कॅसी पेटी घेऊन पळत सुटते. इथवर ठीक आहे. पण वाटेत एका आफ्रिकी रानरेड्याला पेटीचा स्पर्श होतो आणि त्यालाही रूप बदलता येऊ लागतं. तो चक्क उपमुख्याध्यापक चॅपमनचं रूप घेतो! रेड्याने मन एकाग्र कसं केलं? डीएनए घ्यायचा हे त्याला कळलं कसं? ३८ पुस्तकं जी गोष्ट मुलांना शिकावी लागली, घाम गाळून करावी लागली, ती इथे नुसत्या स्पर्शाने होऊन जाते. शिवाय सबंध पुस्तकभर नुसता पाठलाग. धाव, लप, पुन्हा धाव.

माझी खरी तक्रार मात्र मुंगीबद्दल आहे. एक मुंगी पेटीवरून जाते आणि पुढे कॅसीचं रूप घेते. पाचवं ‘द प्रिडेटर’ आठवा. मुलं मुंग्या झाली तेव्हा जबड्यांनी तोडणाऱ्या शत्रूंइतकीच भीती होती ‘मी’ नाहीसा होण्याची. वारुळाच्या सामूहिक इच्छेत प्रत्येकाचं मन विरघळून गेलं होतं. इथे बरोबर उलट घडतं. जिला ‘मी’ ही गोष्टच ठाऊक नाही, ती एकाएकी मुलीच्या शरीरात, मुलीच्या मेंदूत जागी होते आणि किंचाळत सुटते. इतकी भयंकर, इतकी मोलाची कल्पना! तीही कॅसी सांगते त्या पुस्तकात. म्हणजे जिने १९व्या ‘द डिपार्चर’मध्ये शत्रूच्या डोळ्यांनी पाहायचं धाडस केलं, तिच्या तोंडून. ही मुंगी पुस्तकाच्या मध्यभागी हवी होती. पण तो प्रसंग झटपट उरकून कथा पुन्हा पळायला लागते. रेड्यापेक्षा हे जास्त लागतं.

असं का झालं? वेळापत्रक बघा. १९९६ ते २००१ या काळात ५४ मुख्य पुस्तकं आली, साधारण महिन्याला एक, आणि वर ‘मेगामॉर्फ्स’ व ‘क्रॉनिकल्स’ ही जोडपुस्तकं. १९९९पासून अ‍ॅपलगेट यांची ‘एव्हरवर्ल्ड’ ही दुसरी मालिकाही चालू होती. त्यामुळे २५व्यापासून पुढची बहुतेक पुस्तकं त्यांच्या आराखड्यावरून घोस्टरायटरांनी, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्यांनी, लिहिली. कव्हरवर त्यांचं नाव नसतं. कॉपीराइटच्या पानावर हस्तलिखित तयार करण्यात मदत केल्याबद्दल अमक्याचे आभार, अशी एक ओळ दिसली की समजायचं. पण त्या ओळीवरून पुस्तक बाद करू नका. टोबायसच्या छळाचं ३३वं ‘द इल्यूजन’ही घोस्टरायटरचंच आहे आणि ते मालिकेतल्या उत्तम पुस्तकांत बसतं. माझ्या मते फरक पडतो तो आराखड्यात एखाद्या पात्राचा खरा पेच आहे की नुसती युक्ती, यावर.

तर मी पुढची वाट अशी धरेन. ४०वं वाचा. शेपटी गमावलेला, म्हणून स्वतःच्याच लोकांत हिणवला गेलेला अँडलाइट त्यात आहे. ४१व्या ‘द फॅमिलिअर’मध्ये जेक दहा वर्षं पुढच्या, यीर्कांनी जिंकलेल्या जगात जागा होतो, पण ते स्वप्न की आणखी काही, याचा उलगडाच होत नाही. कुतूहल असेल तरच वाचा. ४२व्यात हेल्मॅक्रॉन परत येतात आणि मार्कोच्या शरीरात शिरतात, ते सरळ सोडा. ४३वं हवंच, कारण ‘द इल्यूजन’मध्ये टोबायसचा छळ करणारी टेलर तिथे परत भेटते. ४४व्यात कॅसी ऑस्ट्रेलियात जाऊन पोचते, न वाचल्याने काही अडत नाही.

४५व्यापासून एकही टाळू नका, फार तर ४७वं भराभर पानं उलटत संपवा. अमेरिकी यादवी युद्धातल्या पूर्वजाची रोजनिशी त्यात मध्येमध्ये येते आणि वेग मोडतो, पण हॉर्क-बजीर या परग्रहवासीयांच्या दरीचं काय होतं ते माहीत हवं. ४५व्यात मार्कोच्या घरातलं गुपित फुटतं, ४९व्यात टोबायसची आई येते आणि मुलांच्या घरच्यांना घरं सोडावी लागतात, ५०व्यात ती निळी पेटी पुन्हा मध्यभागी येते. ‘द हिडन’मध्ये तिच्यामागे जी नुसती पळापळ होती, तिच्या जागी इथे कॅसी एक निर्णय घेते. तो चूक की बरोबर, यावर वाचक अजून वाद घालतात.

‘व्हिसर’ हे जोडपुस्तक राहिलं असेल तर ते ४५च्या आधी उरका. मार्कोच्या आईच्या डोक्यात बसलेल्या यीर्कची सगळी हकिगत त्यात आहे, आणि ती ठाऊक नसेल तर ४५वं निम्मंच पोचेल. शेवटची दोन, ५३ आणि ५४, अ‍ॅपलगेट यांनी पुन्हा स्वतः लिहिली आहेत. ती दोन्ही एका बैठकीत होतील एवढी सुट्टी हाताशी ठेवा. ५३वं अशा ठिकाणी थांबतं की ५४वं शेजारी नसेल तर झोप लागणार नाही.